आत्याचा जुना पीसी, आठ हजारांचं बजेट आणि तुटणारा श

मिरजेला राहणारी माझी आत्या जिल्हा परिषदेतून टंकलेखक म्हणून २०१३ साली निवृत्त झाली आणि त्याच वर्षी तिने घरी एक असेम्बल्ड कॉम्प्युटर घेतला. २०२५ च्या दिवाळीपर्यंत तो कसाबसा चालत होता. सुरू व्हायला चार-पाच मिनिटं, वर्ड उघडायला आणखी एक, आणि मध्येच कधीतरी माऊस जागच्या जागी गोठायचा. एका दुकानदाराने पाहून 'हा आता भंगारात काढा' असं सांगितलं आणि नव्या मशीनचं बत्तीस हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. आत्याची तयारी आठ हजारांची होती, तेही तिच्या पेन्शनमधून. मुलगा कॅनडात आहे, त्याने पैसे आनंदाने पाठवले असते. पण यासाठी त्याच्याकडे मागायचं नाही, हे तिने मला आधीच बजावलं.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा कॉम्प्युटर सुधारायला बसलं की आपला हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. या प्रकरणात सगळ्यात उपयोगाची माहिती कॅबिनेट उघडण्याआधी मिळाली, आत्याच्या शेजारी खुर्ची टाकून ती काम करताना पाहिल्यामुळे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आत्या काय करते

भजनी मंडळासाठी ती अभंगांचा संग्रह टाइप करते. गेली कित्येक वर्षं हे चालू आहे आणि फाइलींची संख्या शेकड्यात आहे. सोसायटीचा हिशोब आणि मेंटेनन्सच्या पावत्या एक्सेलमध्ये. शेजारपाजारच्या लोकांचे अर्ज. रविवारी मुलाशी व्हिडिओ कॉल. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००, जो महाराष्ट्रातल्या निम्म्या झेरॉक्सच्या दुकानांत अजूनही दिसतो.

ती टाइप करते कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, रेमिंग्टन मांडणीवर, म्हणजे टाइपरायटरवर होती त्याच कीच्या मांडणीवर. मॅन्युअल मशीनवर मराठीच्या मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा दिलेली ही बोटं. कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत, पण तिला त्यांची गरज नाही; ती कागदाकडे बघते, कीबोर्डकडे नाही. अशा माणसाला 'आता युनिकोड आलंय, फोनेटिक शिकून घे' असं, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी नवी अक्षरपद्धत घे आणि इंग्रजी उच्चारावरून टाइप कर असं, सांगणं मला अजिबात पटत नाही. तिचा वेग हीच तिची कमाई आहे, आणि अपग्रेडने तो घालवला तर बाकी सगळं फुकट.

मी शेजारी बसले तेव्हा ती 'शरण' हा शब्द टाइप करत होती. ती थांबली, खाली दडवलेली दुसरी फाइल उघडली, तिथून श उचलला, इकडे आणून चिकटवला आणि पुढे गेली. थोड्या वेळाने 'विशेष' आला, तिथे हेच दोनदा.

"हे काय करतेस?"

"अगं, श तुटतो. मागे मशीन फॉरमॅट करून घेतलं ना, तेव्हापासून. ष पण. दुकानातला म्हणाला व्हायरस असेल."

व्हायरस नव्हता. कृतिदेवमध्ये अर्धा श हा एकेरी अवतरणचिन्हाच्या कीवर असतो आणि अर्धा ष दुहेरीच्या. वर्ड मात्र साधं सरळ अवतरणचिन्ह दिसलं की आपणहून त्याचं वळणदार चिन्ह करून टाकतो. इंग्रजीत ती सोय असते; इथे त्या कीमागचं अक्षरच बदलतं आणि श चा पत्ता राहत नाही. दुसरी भानगड नव्या परिच्छेदाची. वर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, आणि कृतिदेवमध्ये पूर्ण क लहान डी वर तर अर्धा क कॅपिटल डी वर असतो. म्हणजे ओळीच्या सुरुवातीला 'काया' लिहिलं की पहिला क अर्धा. अभंगात तर दर ओळ नवा परिच्छेद. पूर्वी कोणीतरी या दोन्ही सोयी बंद करून दिलेल्या असणार. फॉरमॅटनंतर त्या पुन्हा चालू झाल्या आणि आत्या इतकी वर्षं एकेक श चिकटवत बसली.

ऑटोकरेक्टच्या खिडकीत जाऊन दोन टिक काढल्या. स्पेलिंग तपासणीच्या लाल रेघाही बंद केल्या. आत्याने 'विशेष' सलग तीनदा टाइप करून पाहिला. या सगळ्या प्रकरणात तिला सर्वांत जास्त आनंद देणारी सुधारणा हीच, आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

यंत्र कुठे अडत होतं

आत इंटेलचा कोअर आय३-३२२० होता, एच६१ चिपसेटचा बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड), ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज ७ वरून कधीतरी फुकट अपग्रेड झालेलं विंडोज १०.

टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजमधली खिडकी, उघडून ठेवला आणि आत्याला नेहमीचं काम करायला सांगितलं. प्रोसेसर बहुतेक वेळ २०-३० टक्क्यांच्या आसपास. डिस्क मात्र १०० टक्क्यांना चिकटलेली, खाली यायचं नाव नाही. रॅमही भरलेली, त्यामुळे विंडोज उरलेला बोजा पुन्हा त्याच डिस्कवर टाकत होतं.

हे असं का होतं, ते साध्या गणिताने कळतं. डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय हेडला योग्य पट्ट्यावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेल्या तुकड्यांसाठी अशी डिस्क सेकंदाला फार तर ७०-८० वेळा धावू शकते. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे मागतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही, तिथे तोच आकडा हजारोंत जातो. एच६१ बोर्डावर डिस्क जोडायचं जुनं साटा २ आहे, त्यामुळे एसएसडीचा कमाल वेग निम्म्यावर येतो, सेकंदाला २५०-२७० एमबीच्या आसपास. दुकानात हे कारण सांगून 'तुमच्या बोर्डाला एसएसडीचा उपयोग नाही' असं म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. घरच्या कामात तो कमाल वेग क्वचित लागतो. लागतं ते तुकडे पटापट सापडणं, आणि त्यात साटा २ आड येत नाही.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत पाहिली. पिवळा 'कॉशन'. बदललेले सेक्टर, म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने राखीव जागेवर हलवलेले तुकडे, होतेच, शिवाय 'पेंडिंग' म्हणजे वाचता न येणारे पण अजून बदललेले नाहीत असे सेक्टरही होते. माऊस गोठायचा तो बहुधा याच जागांवर अडखळून. यानंतर प्रश्न वेगाचा राहिला नाही. त्या डिस्कवर अभंगांचा संग्रह होता, नातवंडांचे फोटो होते, सोसायटीचा हिशोब होता, आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती.

आधी प्रत, आणि प्रतीत फॉन्टसुद्धा

माझ्या जुन्या लॅपटॉपची ५०० जीबीची छोटी डिस्क पडून होती. तिला साडेतीनशे रुपयांचं यूएसबी केसिंग घेतलं आणि पहिलं काम म्हणून सगळा डेटा तिच्यावर उतरवला. आधी टायपिंगच्या फाइली, मग हिशोब, शेवटी फोटो. आजारी डिस्कवरून कॉपी करताना हा क्रम महत्त्वाचा, कारण ती मध्येच मान टाकू शकते. काही फोटो वाचता आले नाहीत. टायपिंगच्या फाइली सगळ्या वाचल्या.

मराठी घरांमध्ये फॉरमॅट करणारे जी गोष्ट हमखास विसरतात ती म्हणजे विंडोजमधला फॉन्टचा फोल्डर. कृतिदेव, शिवाजी, किरण असे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. मशीनवर फॉन्ट नसला की तीच फाइल कंस, अर्धविराम आणि इंग्रजी अक्षरांची गिचमिड होऊन उघडते, आणि घरचे लोक समजतात फाइल बिघडली. अशा कितीतरी फाइली लोकांनी रडत-रडत डिलीट केल्या असतील, ज्या दोन मिनिटांत वाचल्या असत्या. आत्याच्या मशीनवर कृतिदेवचे दोन-तीन वेगवेगळे क्रमांक होते, एखाद-दुसरा फॉन्ट कोणा छापखान्याने दिलेला. सगळे उचलले आणि फाइलींच्या शेजारीच 'फॉन्ट' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले. शिवाय प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची पीडीएफ काढली. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच राहतो, त्यामुळे मजकूर निदान वाचता तरी येईल.

आठ हजार कुठे लावले

यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. मामांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं मत होतं की प्रोसेसर बदलावा, कारण 'आय३ आहे, आय५ घाला' असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. जुने आय५-३४७० सेकंड-हँड मिळतात आणि या बोर्डावर बसतातही. पण जो प्रोसेसर दिवसभर पाव क्षमतेवर बसून आहे, तो बदलून आत्याला काहीच जाणवलं नसतं.

खरा पर्याय होता कंपन्यांमधून बाहेर पडलेल्या रिफर्बिश्ड मशीनचा. इंटेलच्या आठव्या पिढीचा आय५ असलेली अशी मशीन तेव्हा पंधरा हजारांच्या घरात मिळत होती आणि त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. बजेट तेवढं असतं तर मी डोळे झाकून तेच घेतलं असतं आणि हा जुना बोर्ड सोडून दिला असता. पण बजेट आठ होतं, आणि ते ओलांडायला लावणं मला योग्य वाटलं नाही.

खर्च असा झाला. ४८० जीबीचा साटा एसएसडी ३,१०० रुपये. रॅमची ४ जीबीची जुळणारी सेकंड-हँड पट्टी ५५०. दोन पट्ट्या झाल्यामुळे ड्युअल चॅनेलही, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणंही, मिळालं, ज्याचा बोर्डावरच्या ग्राफिक्सला फायदा होतो. यूपीएसची बॅटरी १,०५०. ती फुगली होती आणि लाइट गेली की मशीन तत्क्षणी बंद पडत होतं. डिस्क बिघडायला हाही हातभार लागला असणार. बोर्डावरचा सेल, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट आणि एक साटा केबल मिळून २६०. केसिंगचे ३५०. एकूण ५,३१०.

उरलेल्या पैशांचं काय करायचं, हेही खुर्चीवर बसूनच कळलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आत्या अनुस्वार आणि रफार तपासताना नाक स्क्रीनला लावते. तिचा मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८ चा. कृतिदेवमधले रुकार त्यावर चार ठिपक्यांत उरकलेले. सांगलीत जुन्या ऑफिस-सामानाच्या दुकानातून साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटर २,५०० ला घेतला. घेण्याआधी पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून ठिपके आणि कडांचा उजेड पाहिला. बोर्डाला एचडीएमआय होतं, म्हणून व्हीजीए केबल बाजूला ठेवली. फुल एचडीवर १०० टक्के ठेवलं तर अक्षरं आधीपेक्षा बारीक दिसतात, हे लक्षात घ्यायला हवं. १२५ टक्के केलं, वर्डमध्ये पान रुंदीभर पसरवलं, आणि रफार लांबूनही सुटा दिसू लागला. एकंदर ७,८१०.

विंडोज १० चं काय

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची आठवी पिढी लागते. आय३-३२२० तिसऱ्या पिढीचा. आडवाटेने विंडोज ११ टाकता येतं, इंटरनेटवर त्याच्या पुष्कळ कृती आहेत. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती हाताने चढवावी लागते. मी राहते पुण्यात. सत्तर वर्षांच्या माणसाच्या घरी असं काही लावून निघून येणं मला बरोबर वाटत नाही.

लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, मला मनापासून आवडतं आणि अशा मशीनवर ते छान चालतं. पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, चालवून पाहिलं. वेबकॅम, आवाज, व्हिडिओ कॉल सगळं ठीक. कृतिदेवचे फॉन्ट कॉपी केले की लिबरऑफिसमध्ये (तिथल्या वर्डमध्ये) अभंगही दिसले आणि टाइपही झाले. अडलं ते प्रिंटरपाशी. एलबीपी २९०० ला लिनक्सवर चालवणं म्हणजे सतत डागडुजी, आणि आत्याला पावती तिथल्या तिथे काढून द्यायची असते.

म्हणून सध्या विंडोज १० च ठेवलं आणि वाढीव सुरक्षा अपडेटची योजना घेतली. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. बँकेचं काम मात्र या मशीनवरून पूर्ण काढलं. ते आता मोबाइलवर.

बसवताना

आजारी डिस्कची नक्कल एसएसडीवर उतरवण्याच्या फंदात पडले नाही. नवीनच विंडोज टाकलं. बोर्ड तोच असल्यामुळे ॲक्टिव्हेशन आपोआप झालं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, साटाचा मोड जुन्या आयडीईवर होता, तो इन्स्टॉल करण्याआधी नव्या एएचसीआयवर नेला. नंतर बदलला तर विंडोज उघडायला कुरकुर करतं. रॅमच्या जुन्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासून घेतले आणि दोन्ही पट्ट्यांवर रात्रभर मेमरी टेस्ट लावून ठेवली, कारण सेकंड-हँड रॅमवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवला. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूची भुकटी झाली होती.

ज्यावर मी मुद्दाम वेळ घालवला ते काम म्हणजे डेस्कटॉप होता तसा मांडणं. जुन्या डेस्कटॉपचा फोटो काढून ठेवला होता. तो बघून प्रत्येक फोल्डर त्याच जागी, त्याच नावाने, मागे गणपतीचं तेच चित्र. वर्डमध्ये नवीन फाइल उघडली की कृतिदेव, १६ चा आकार आणि बंद ऑटोकरेक्ट आपोआप यावं असं बसवून दिलं.

यूट्यूबवर कीर्तन अडखळायचं, त्याचंही कारण सापडलं. यूट्यूब हल्ली व्हीपी९ किंवा एव्ही१ या दाबून लहान केलेल्या स्वरूपांत व्हिडिओ पाठवतं, आणि या पिढीच्या इंटेलमध्ये ते उलगडण्याची हार्डवेअरची सोय नाही. फायरफॉक्समध्ये एच२६४ हे जुनं स्वरूप मागवणारं छोटं एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) टाकलं की तेच काम ग्राफिक्सकडे जातं आणि प्रोसेसर मोकळा राहतो.

दुरून मदत करायला विंडोजमधलं क्विक असिस्ट ठेवलं, ज्यात दरवेळी मी सांगितलेला कोड आत्याने स्वतः टाकावा लागतो. मी सोडून कोणीही फोन करून असं काही उघडायला सांगितलं तर फोन ठेवून द्यायचा, हे मामांनाही सांगितलं.

आता

मशीन अर्ध्या मिनिटात सुरू होतं. वर्ड लगेच उघडतो. लाइट गेली तर फाइल सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ यूपीएस देतो. दर एकादशीला आत्या केसिंगमधली डिस्क जोडते आणि त्या दिवसापर्यंतचं सगळं तिच्यावर उतरवते. तारीख लक्षात ठेवण्याची ही पद्धत तिचीच.

ऑक्टोबर २०२६ पर्यंत दोन कामं संपवायची आहेत. पहिलं, सगळे अभंग युनिकोडमध्ये नेणं. कन्व्हर्टर बहुतेक काम करतात, पण रफार, पहिली वेलांटी आणि 'वाऱ्या'मधला ऱ्या यांच्यावर भरवसा नाही, म्हणून रूपांतर झालेली प्रत मी पाठवते आणि आत्या मूळ प्रतीशी ताडून पाहते. तिच्या नजरेतून चूक सुटत नाही. पुढे युनिकोडमध्येही तिला रेमिंग्टन मांडणीच देणार आहे; विंडोजसाठी आणि लिनक्ससाठी ती मिळते, त्यामुळे तिची बोटं आहेत तिथेच राहतील.

दुसरं काम प्रिंटरचं. लिनक्सवर सरळ चालणारा एखादा साधा लेझर प्रिंटर सेकंड-हँड मिळाला तर मिंट टाकून मोकळं व्हायचं. नाहीच मिळाला तर रिफर्बिश्ड मशीन घ्यायचं. एसएसडी आणि मॉनिटर त्याला तसेच लागतील, म्हणजे आताच्या खर्चातला मोठा भाग वाया जाणार नाही. आत्याने त्यासाठी पोस्टात महिना पाचशेचं आवर्ती खातं उघडलं आहे.